निरीक्षकाचा प्रभाव: शून्य

३ मार्च, सोमवार
आजपासून श्रीगणेशा. पंचवीस वर्षं कायदा शिकवला, आता तो प्रत्यक्षात कसा होतो ते बघायचं. विषय: न्यायाधीश निर्णय कसा घेतात. कलमं बघून, की घड्याळ बघून? फौजदारी कोर्ट, खोली नंबर चार, फक्त जामिनाचे अर्ज. दोनशे अर्ज पूर्ण करायचे. एक्सेलमध्ये अडतीस कॉलम: वेळ, वकिलाचं वय, पंख्याचा वेग, जजबाईंनी चष्मा काढला की नाही, वगैरे. अडतिसावा कॉलम 'निरीक्षकाचा प्रभाव'. तो दोनशेच्या दोनशे ओळींत आधीच भरून टाकला. शून्य. तेवढंच काम हलकं झालं.

वरच्या कोर्टाचं परवानगीपत्र कारकुनाला दिलं. सही-शिक्का त्यांचा, मसुदा माझा: 'हे गृहस्थ कामकाजाच्या वेळी कोर्टात बसतील. कशासाठी, हे न्यायाधीशांना वा कुणालाही सांगू नये. सहकार्य करावे.' हेतू कळला की माणूस सावध होतो आणि डेटा बिघडतो. असं मेथडॉलॉजी कोळून प्यायलेल्यालाच सुचतं. पत्र वाचून कारकून उठून उभा राहिला. विद्वत्तेला अजून मान आहे.

५ मार्च
माझ्यासाठी बाकाऐवजी हातांची खुर्ची आली. उशीसकट. चहा, न मागता. जजबाई अकराच्या ठोक्याला हजर. एक वकील कुरकुरत होता, एरवी साडेअकरा वाजतात म्हणे. वकील काय, कुणालाही नावं ठेवतात.

आतापर्यंत अर्ज १९, मंजूर २. गेल्या वर्षीच्या रजिस्टरात शंभरातले अडुसष्ट मंजूर आहेत! म्हणजे इथं काहीतरी घडतंय आणि ते नेमकं माझ्या डोळ्यांदेखत घडतंय. याला म्हणतात संशोधकाचं नशीब.

१२ मार्च
अर्ज ५८, मंजूर ४. पहिलं गृहीतक (उकाडा) सोडलं. परवा माझ्या खुर्चीजवळ कूलर बसवला, तरी नामंजूर ते नामंजूरच. दुसरं गृहीतक (चहाची वेळ) काल सोडलं. नवीन: पाठदुखी. बाई हल्ली फार ताठ बसतात.
संकल्प: आपलीही पाठ सांभाळायची. रोज पहाटे व्यायाम. उद्यापासून.

१३ मार्च
व्यायाम नाही. कोर्टाचे तीन जिने त्यात धरले.

१८ मार्च, मंगळवार
घरात रडारड. हिच्या धाकट्या भावाला पोलिसांनी उचललं. पार्किंगच्या भांडणात शेजाऱ्याच्या डोक्यात हेल्मेट घातलं. सात टाके. मेव्हणा खरं तर गरीब गाय, पण हेल्मेट नेमकं हातात होतं.

जामिनाचा अर्ज खोली चारमध्येच. ही म्हणाली, रोज तिथं असता, बाईंच्या कानावर एक शब्द घाला. मी शांतपणे समजावलं की निरीक्षकानं बोललं तर सॅम्पल बाटतं. ही म्हणाली, माझा भाऊ म्हणजे सॅम्पल नव्हे. मग तिथं बसून करता तरी काय, असंही विचारलं. मी म्हणालो, भलं करता येत नसलं तरी नुसत्या बसण्यानं कुणाचं वाईट तर होत नाही ना. ही उठून वकिलाला फोन लावायला गेली.

सुनावणीच्या दिवशी रजा घ्यावी असं क्षणभर वाटलं. पण सलग मालिका तुटली असती.

२० मार्च, गुरुवार
अर्ज क्रमांक ९१. मेव्हणा. आरोपीच्या कठड्यातून मला बघून हसला, हात हलवला. मी वहीत बघितलं. सरकारी वकिलानं विरोधसुद्धा धड केला नाही. बाईंनी पेन उचललं, माझ्याकडे बघितलं, पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. नामंजूर. बेचाळीस सेकंद.
नोंद केली. दोनदा खोडून पुन्हा लिहिली, पण त्याला कॉलम नाही.
घरी हिनं पान वाढून ठेवलं आणि आत गेली.

२८ मार्च
मेव्हणा आत, त्याच्या दुकानाला कुलूप. ही बोलत नाही. भाजीत मीठ नाही, ते बोलण्यातच जमा.

अर्ज १४०, मंजूर ६. हा पेपर जगभर गाजणार. नाव ठरलं: 'करुणेचा अस्त'. विभागप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, छान, पण सेकंड इयरचे पेपर कधी तपासून देताय? गाढवाला गुळाची चव काय.

बाईंचा चेहरा नीट दिसावा म्हणून आज खुर्ची पुढं घेतली. दिवसभरात एकही मंजूर नाही.

९ एप्रिल, बुधवार
अर्ज २००. मंजूर ७. काम फत्ते.

चार वाजता जजबाईंनी चेंबरमध्ये बोलावलं. कौतुक असणार, म्हणून केस विंचरून गेलो. त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली आणि विचारलं, रिपोर्ट वर कधी जातो. दोन वर्षं त्यांचं प्रमोशन अडकलंय, फार जणांना सोडतात अशी कुणीतरी तक्रार केली होती.
"तुम्ही तपासणीला आल्यापासून मी एकही सैल निर्णय दिलेला नाही सर. तेवढं लिहा."
मी म्हणालो, मी लॉ कॉलेजात शिकवतो.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाल्या, एरवी यातल्या सव्वाशे जणांना तरी मी सोडलं असतं. त्यात तुमचं कुणी नव्हतं ना?
नव्हतं म्हणालो.

१० एप्रिल
कोर्टात गेलो नाही. अडतिसावा कॉलम दुरुस्त करायला बसलो. बारा ओळींतली शून्यं पुसली. शून्याच्या जागी काय लिहायचं ते कळेना.

दुपारी कारकुनाला फोन केला. आज अकरा अर्ज होते, नऊ मंजूर.

मेव्हण्याचा अर्ज आता वरच्या कोर्टात, मंगळवारी. खालचं कोर्ट तोच अर्ज पुन्हा ऐकत नाही, हे मीच दरवर्षी शिकवतो.

संकल्प: हिला आज जेवताना सगळं सांगायचं.
सांगितलं नाही. जेवताना जड विषय काढू नयेत.

१३ एप्रिल, रविवार
ही भावाला भेटून आली. डोळे सुजलेले. येऊन माझ्या शेजारी बसली. तो बारीक झालाय म्हणाली. पण सांगत होता, त्या दिवशी भावोजी समोर होते म्हणून धीर आला, नाहीतर तिथंच रडलो असतो. मी उगाच तुमच्यावर राग धरला, असंही म्हणाली.

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं माझा हात धरला.

"परवा वरच्या कोर्टातही तुम्ही बसा. अगदी पुढं बसा, जजना दिसाल असे."

चोवीस दिवसांनी ती माझ्याशी बोलत होती. हो म्हणालो.