गजगामिनीचा श्वास

गोंदिया, फेब्रुवारी १९५८

प्रिय शालीकराम,

दवनीवाड्याच्या बांधावर बसून हे पत्र वाचताना तू हसणार नाहीस, हे ठाऊक असूनही लिहितो. आपल्या वृद्ध मालमोटारीचा, गजगामिनीचा, कायाकल्प संपन्न झाला. मुख्य वैद्य मी, साहाय्यक मी, प्रेक्षक शेजारच्या राइस मिलची कबुतरे. व्हॉल्व्ह घासले, नोझल नवे बसवले, हवेच्या गाळणीतून तीन वर्षांचा कोंडा उपसला.

तीन वर्षांपूर्वी याच शक्तिवर्धनाच्या मोहाने मी इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचे सील तोडून तेल वाढवले होते. तू म्हणालास, "भाऊ, तिले तेल नाही, श्वास पायजे. काऊन जबरदस्ती करून राहिला?" मी उत्तरादाखल पांडित्य पाजळले. चोरखमाऱ्याच्या चढावर काळा धूर ओकत पिस्टन वितळला, आणि चारचौघांत मी दोष तुझ्यावर ठेवला. तू पेचकस माझ्या हाती दिलास आणि गावी गेलास. त्याचे टोक पंपाला, मूठ कानाला लावून तू इंजिनाचे अंतरंग ऐकायचास. त्या विद्येस मी पेचकसोपनिषद म्हणत असे. तुला ते कधीच विनोदी वाटले नाही.

या खेपेस आधी श्वास, मग तेल. उरली पंपाची वेळ, म्हणजे तेल नेमके कोणत्या क्षणी सुटावे ते. सोमवारी पंप किंचित पुढे फिरवला, पेचकस कानाला लावला, आणि अहाहा, निर्विकल्प शांती! वेळ चुकल्याचा एक ठोका नाही. दोन दिवस मी यंत्रविशारद म्हणून वावरलो. मग ध्यानात आले की गाडी सुरू होताच कबुतरे भयभीत होऊन उडतात, आणि आपला नवा चालक चैतराम कानांवर हात ठेवून काहीतरी ओरडतो आहे.

शालीकराम, ठोके आहेत. ऐकणारा नाही. उजवा कान दिवाळीत गेला, डावा त्याच्या मागोमाग. घरी बोलणारे कोणी नसल्याने हानी उमगण्यास विलंब लागला.

येत्या मंगळवारी चैतराम धान भरून त्याच चढाने जाणार आहे. पंप असाच राहिला तर दुसरा पिस्टनही जाईल. तत्पूर्वी ये. पेचकस कानाला लाव, पंप किती मागे घ्यावा ते बोटांनी दाखव. मग तुझे ते जुने वाक्य म्हण. ओठांवरून मी ते बिनचूक ओळखीन. दोष माझा होता, हे मी चारचौघांत मोठ्याने सांगेन. मला ते ऐकू येणार नाही. तुला येईल.

तुझाच, पेचकस सांभाळून बसलेला,
घनश्याम