धाकट्या अंगठ्याची व्यवस्था

अल्लाहचे नाव घेऊन, आणि समोर बसलेल्या वकिलांनी घड्याळाकडे कितीही बघितले तरी घाई न करता, मी खैरुन्निसा दाऊद मणेर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा बांगड्या भरणे, माहेर पेण, सासर व मुक्काम रोहा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. दाखल्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि वर त्यांच्या बायकोच्या बांगडीचे मापही सांगितले.

कलम १. वारस. माझे पती दाऊद वारले. मागे मुलगा अश्फाक आणि पेणला दिलेली मुलगी नजमा. घर आणि इतर चीजवस्तू शरियतप्रमाणे वाटावी, मुलाला दोन वाटे, मुलीला एक. यावर मला बोलायचे आहे, पण ते मी योग्य ठिकाणी पोचल्यावर बोलेन. नजमाला मी हयातीत जे दिले त्याची चौकशी अश्फाकने करू नये.

वारसाला मृत्युपत्राने जादा काही देता येत नाही. वारस नसलेल्याला मात्र एक-तृतीयांशापर्यंत देता येते. अश्फाकची मुलगी सुमय्या ही बाप हयात असल्यामुळे माझी वारस नाही. म्हणून तिला देता येते. बाप असण्याचा पोरीला झालेला हा पहिलाच फायदा.

कलम २. अंगठा. हे कलम मिळकतीचे नाही असे वकील म्हणतात. मी म्हणते, माझी खरी मिळकत तीच.

माझ्या डाव्या हाताला दोन अंगठे आहेत. थोरला कामाचा, आणि त्याला बिलगून बसलेला धाकटा, नखासकट. लहानपणी मी अब्बांना विचारले होते की हा कशाला दिला. अब्बा म्हणाले, "नमाजाआधी वजू करताना यालापण पानी लागतं गो. हा कोरडा ऱ्हायला तर वजू व्हत नाय. म्हंजे हा हिशेबात हाय." तेवढ्यावर माझे आयुष्य निभावले. पेण-रोह्याच्या हजारो बायकांचे हात मी दाबून, अंगठा तळव्यात मुडपून बांगड्या भरल्या, पण माझ्या स्वतःच्या डाव्या हातात काचेची बांगडी कधी चढली नाही.

सुमय्या तसाच हात घेऊन जन्मली. घरातल्यांनी तो हात दुपट्यात झाकला. मी मात्र तिला मांडीवर घेऊन खुशाल हसत बसले होते.

शाळेत पोरे तिला 'अकरा' म्हणायची. पाचवीत असताना ती रडत आली की हा काढून टाका. तेव्हा अश्फाक म्हणाला, "अल्लाहनं बनवलंय त्यात हात घालायचा नाय. ता सैतानाचं काम हाय." मी मौलानांना विचारून आले. ते म्हणाले, सजण्याच्या हौसेने शरीर बदलणे मना आहे, पण त्रास असेल, व्यंग असेल तर दुरुस्त करायला बरेच उलमा, म्हणजे धर्मपंडित, परवानगी देतात, काही देत नाहीत, एकदा डॉक्टरला दाखवा. अश्फाकला एवढे लांब उत्तर नको होते. पोरगी हात ओढणीत लपवून दहावी झाली. पुढे पार्लरमध्ये जाऊन भुवया कोरल्या म्हणून त्याने आठवडाभर तिच्याशी बोलणे टाकले. भुवया कोरणाऱ्या बाईवर लानत, म्हणजे शाप, आहे हे त्याला तोंडपाठ आहे.

त्याच वर्षी तो नवी मुंबईला जाऊन आला आणि टोपी काढेना. काढली तेव्हा कळले की डोक्याच्या मागचे केस उपटून पुढे लावले आहेत. मी बघत बसले तर म्हणतो, "ट्रीटमेंट हाय, अम्मी. माजेच केस माज्याच डोक्यात." मौलानांनीही सांगितले की दुसऱ्याचे केस जोडणे मना, स्वतःचे लावायला हरकत नाही. पोरगा बरोबर निघाला याचा मला जास्त राग आला.

आता वडखळचे स्थळ आले आहे. मुलगा कतारला. त्याची आई चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "पोरगी लाखात एक हाय. निकाहाच्या आधी तेवढा अंगठा काढून घ्या. फोटोत दिसतो." दुसऱ्या दिवशी अश्फाक मोबाईल घेऊन माझ्यासमोर बसला. व्यंग असेल तर काढायला परवानगी आहे, असे त्यात कोणी बुजुर्ग सांगत होते. तेच, जे मौलानांनी पोरगी पाचवीत असताना सांगितले होते.

सुमय्या धाटावच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. शिफ्ट संपवून आली होती, जेवत होती. ती बापाला म्हणाली, "मला नको व्हता तवा तो अल्लाहचा व्हता. आता तो वडखळवाल्यांचा झाला. माजा कदी व्हनार?" अश्फाक उठून नमाजाला गेला. नमाजाची वेळ व्हायची होती.

ती काढेल की ठेवेल, तिने मला सांगितलेले नाही. मी विचारलेही नाही. पण ज्या पोरीच्या हातात स्वतःचे काही नसते, तिच्या हाताचे दुसरेच ठरवतात, एवढे बांगड्या भरता भरता मी खूप पाहिले आहे. म्हणून पुढचे कलम.

कलम ३. रोह्याच्या बाजारातला माझा गाळा, कपाटे व माल यांसह, सुमय्या अश्फाक मणेर हिला. हे एक-तृतीयांशात बसते. वकिलांनी आणि मौलानांनी ते वेगवेगळे तपासले आणि कधी नव्हे ते दोघांचे जमले. गाळा तिने चालवावा, भाड्याने द्यावा, विकून शिकावे, विकून ऑपरेशन करावे. लग्न करो न करो, अंगठा असो नसो, गाळा तिचाच. लग्नाच्या जेवणावळीसाठी तो बापाने विकायला काढल्यास नजमाने त्याला अडवावे. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी नजमावर सोपवते. भावाशी भांडण्याचा तिला सराव आहे.

कलम ४. मळसूत्राचे चांदीचे कडे. आमच्या निकाहानंतर सासू म्हणाली, नव्या नवरीचा डावा हात उघडा बरा दिसत नाही. दाऊद दुसऱ्या दिवशी उठून गेले. पेणच्या सोनाराकडून मळसूत्र फिरवले की उघडणारे कडे करून आणले आणि स्वतः माझ्या हातात बसवले. हात कापण्यापेक्षा कडे बदलणे त्यांना सोपे वाटले. असा नवरा मला मिळाला, त्याबद्दल अल्लाहचे आभार. कडे सुमय्याला. कोणत्याही हाताला बसते.

कलम ५. गाळ्यातला मोठा आरसा तेवढा अश्फाकला. तो वारस असल्याने नजमाची संमती लागते, ती तिने हसत दिली. आरशाचा वापर त्याच्याइतका कोणी करत नाही. अश्फाक, तू दुष्ट नाहीस, भित्रा आहेस. आधी पापाला भ्यालास, मग वडखळला. दोन्ही वेळा पोरीकडे बघायचे राहिले. तरी माझा तुझ्यावर जीव आहे, आणि दाढीला काळा रंग लावतोस तो मला आवडतो, मौलानांना नसला तरी.

कलम ६. मैयत. कफन साधे असावे. गुसल, म्हणजे शेवटची अंघोळ, देणाऱ्या बायकांनी दोन्ही अंगठ्यांच्या मधल्या फटीत पाणी नीट पोचवावे, मी आयुष्यभर पोचवले आहे. धाकट्याकडे बघून कोणी तोंडाला पदर लावू नये.

कलम ७. शेवटचे. शरीराचा काढलेला भाग कचऱ्यात टाकत नाहीत, दफन करतात. सुमय्याने अंगठा काढायचे ठरवले तर डॉक्टरांकडून तो मागून घ्यावा आणि माझ्या कबरीत, डाव्या हाताच्या बाजूला, वीतभर माती उकरून ठेवावा. माझ्या धाकट्याला सोबत होईल. मी त्याच्यावर रागावणार नाही, तिच्यावर तर नाहीच.

माझी इच्छा विचाराल तर तो तिच्या हातावर राहावा. मी गेल्यावर जगात तसा हात तिचाच उरेल. पण ही इच्छा आहे, अट नाही, आणि या ओळीवर बोट ठेवून कोणीही तिला काही सांगायला जाऊ नये. अश्फाक, तूसुद्धा.

साक्षीदार मी जमातीबाहेरचे घेतले आहेत. जमातीतले घेतले असते तर संध्याकाळपर्यंत वडखळला कळले असते.

मला सही येते. तरी वकील म्हणाले अंगठाही हवा, डाव्या हाताचा. मी विचारले कुठला. ते म्हणाले, कायद्यात तसे लिहिलेले नाही. म्हणून दोन्ही देते.

सही: खैरुन्निसा दाऊद मणेर
डाव्या हाताचा अंगठा, थोरला
डाव्या हाताचा अंगठा, धाकटा

आम्ही खाली सह्या करणार सांगतो की, बाईंनी हे वाचून घेऊन आमच्यासमोर सही केली व दोन्ही अंगठे स्वतःच्या मर्जीने उठवले. धाकट्याचा ठसा जास्त स्पष्ट आला आहे.

१. श्यामला सुश्रुत दांडेकर, निवृत्त शिक्षिका, वरसे
२. नथानियल सॉलोमन रोहेकर, रोहा

मुक्काम रोहा, जिल्हा रायगड
दिनांक ९ नोव्हेंबर २०२४