फिरता दवाखाना बंद झाल्यावर

परभणी

प्रिय रुद्राणी,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल. फोनवर तू मधेच काहीतरी विचारशील आणि सांगायचं ते राहूनच जाईल, म्हणून कागद घेतला. आपल्या फिरत्या दवाखान्याची गाडी परवा विकली गेली. सेलूकडच्या एका माणसाला तिच्यात वडापावचा गाडा करायचाय. तुझी ती पाटी, 'कुत्री, मांजरं आणि त्यांची माणसं', त्यानं माझ्यासमोरच पत्र्यानं खरवडली. उन्हानं चिकटलेला कागद निघता निघेना, तेव्हा रॉकेल लावून घासली. मी चहा करायच्या निमित्तानं आत गेले आणि गाडी जाईपर्यंत बाहेर आलेच नाही.

कुसुमबाईंचा बोका अजून डोळ्यांपुढून जात नाही. लघवी तुंबलेला तो बोका टोपलीत घालून बाई रिक्षानं अख्ख्या परभणीत फिरल्या आणि शेवटी तो त्यांच्या मांडीवरच गेला. तू तेव्हा त्यांची भाडेकरू. तूच मला म्हणालीस, "राजे, गावात डॉक्टर हायेत, जीव लावणारी माणसं हायेत, पण एकाला दुसऱ्यापर्यंत न्यायला कुणीच न्हाई." तिथून सगळं सुरू झालं. फोनचा नंबर, कुठल्या गावाला कधी जायचं त्याची आखणी, हे तुझं. औषधपाणी, ऑपरेशनं माझी. आणि महारुद्र. नुकताच डॉक्टर झालेला, घरचे सगळे म्हशींचं कर म्हणत असताना "मला कुत्र्यामांजरांचंच करायचंय" म्हणून आपल्याकडे आलेला. पहिल्या पहिल्यांदा लोक काय हसायचे! "आता कुत्र्यालाबी सलाईन?" आणि तीच माणसं पुढं आपापलं कुत्रं पोत्यात गुंडाळून रस्त्याच्या कडेला गाडीची वाट बघत उभी राहायची. महारुद्र गाडी थांबायच्या आत उडी मारायचा. एवढा आनंदात असलेला डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही.

मग पाथरी. त्या दुकानदाराचं लॅब्रेडॉरचं पिल्लू, एकही लस न दिलेलं, रक्ताची हगवण लागलेलं. चार लोकांचे उपाय करून झाल्यावर त्यांनी आपल्याला बोलावलं. महारुद्र दिवसभर त्याच्या उशाशी सलाईनची बाटली धरून बसला. पिल्लू गेलं, आणि मालक ओरडला, "तुझ्याच सुईनं मेलं!" पुढचं तुला माहीत आहे. गर्दी, फुटलेली काच, आणि मालकानं सगळीकडे पाठवलेला तो व्हिडिओ. मालकानं नंतर तो गुपचूप काढून टाकला, पण तोवर जिल्ह्यातल्या प्रत्येक फोनवर पोचला होता. महारुद्र खाली मान घालून उभा आणि त्याच्या तोंडावर कुणीतरी टाकलेलं पाणी निथळतंय. आपण त्याच्या घरी गेलो तेव्हा मनकर्णामावशी दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "पोरींनो, माझ्या लेकराला आता बोलवू नका. जेवायलाच न्हाई ते." त्यानंतर एकही डॉक्टर त्या गाडीत बसायला तयार झाला नाही. मी एकटी किती गावं करणार होते? तू बेंगळुरूला गेलीस याचा मला राग नाही, खरंच नाही. जाण्याआधी आपण दोघींनी मिळूनच नंबर बंद करायचं ठरवलं. मी आता दूध डेअरीच्या म्हशी बघते. काम वाईट नाही. पण कुणाचा कुत्रा रस्त्यात लंगडताना दिसला की मी मान वळवते, इतकी मी बदललेय.

आता तुझ्या अप्पांचं सांगते. तब्येतीनं ठीक आहेत. पण तुमच्या कुत्रीचं, तितलीचं लिहायला हात धजत नाही, रुद्रा. तुमच्या बोरी गावच्या पुढच्या फेरीत तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन ठरलं होतं ना, ती फेरी झालीच नाही. मागच्या आठवड्यात तिनं खाणं सोडलं, नुसतं पाणी प्यायची. अप्पा आपल्या दवाखान्याचा नंबर फिरवत राहिले. बंद आहे असं फोन सांगायचा, ते त्यांना पटेचना. रेंज नसेल म्हणून काठी टेकत घराच्या माळवदावर चढले आणि तिथून फिरवत राहिले. शेजारचे सटवाजी म्हणाले, अप्पा एकच म्हणत होते, "पोरींचा दवाखाना हाय, उचलतील की." शेवटी तिला जुन्या धोतरात गुंडाळून भाड्याच्या जीपनं माझ्या दारात आले. गर्भाशयात पू झाला होता, विष अंगभर भिनलं होतं. मी महारुद्राला फोन लावला तो काही आशेनं नाही, फोन लावायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून. तो आला. आल्या आल्या हात धुतले. आम्ही ओट्यावरच ऑपरेशन केलं. टाके घालत असतानाच तिचा श्वास थांबला. पुष्कळ वेळ तिची छाती दाबली, पण नाही.

महारुद्र भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तो कशाची वाट बघतोय, हे मला जरा उशिरा कळलं. तो ओरडा ऐकायची वाट बघत होता. अप्पा उठले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लेकरा, तू आलास, हेच लय झालं." तो एवढा मोठा माणूस जमिनीवर बसून ढसाढसा रडला. मला वाटलं, आता तरी परत येईल. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला. नागपूरकडे पशुखाद्य विकायची नोकरी घेतलीय, आणि पुन्हा बोलावू नका.

अप्पांनी मला शपथ घातलीय की तुला कळू द्यायचं नाही. "पोरगी तिकडं एकटी, रडत बसंल." तू रोज संध्याकाळी तितलीबद्दल विचारतेस आणि ते म्हणतात, "हाय की, झोपलीय." सटवाजी सांगत होते, फोन ठेवला की ते तिथंच अंधार पडेपर्यंत बसून राहतात. तुझी आई, आमच्या चन्नबसम्माकाकू, गेल्यावर त्या घरात बोलायला तेवढी तितलीच होती. आणि काल तुझा मेसेज आला, पुढच्या शनिवारी येतेय, तितलीला लाल पट्टा घेतलाय, अप्पांना सांगू नको. दोघंही मला एकमेकांना सांगू नको म्हणताय. मी शपथ मोडतेय. शनिवारी वाड्याच्या दारात आल्यावर सवयीनं तिला हाक मारू नकोस, रुद्रा. ती हाक अप्पांना सोसायची नाही. पट्टा पिशवीतच राहू दे. त्यांना बोलायचं असेल तर बोलू दे, नाही बोलले तर विचारू नकोस. नुसती त्यांच्याजवळ बस.

तुझीच,
राजेश्री