साखळी कुणी तोडली

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि पुढे काय करणार हे मलाच माहीत नव्हतं. आता चाळिशी ओलांडली. बेलापूरच्या बाजूला एका प्रयोगशाळेत मी मेंदूच्या पेशींवर काम करते. आईला अजून वाटतं, मी डॉक्टर म्हणजे गोळ्या देणारी. तुम्हाला मात्र सगळं नीट सांगता आलं असतं, कारण एन्झाइम हा शब्द मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकला. तळोज्याच्या कारखान्यात स्टार्चच्या टाकीत एन्झाइम सोडायचं, साखळ्या तुटून ग्लुकोजचा पाक होईपर्यंत लक्ष ठेवायचं, हे तुमचं ऑपरेटरचं काम. माझी एन्झाइमं उलटी आहेत. ती साखळ्या जोडतात.

नावड्याच्या घरातला तो रविवार मला अजून दिसतो. मी सातवीत असेन. आई कपडे वाळत घालतेय, तुम्ही ओट्याशी उभे आहात, हातात आयोडीनची छोटी बाटली. भाताच्या पेजेत एक थेंब टाकता आणि पेज निळी होते. मग मला म्हणता, "आता भात चाव, चांगला चाव, गिळू नको. टाक या वाटीत." थोड्या वेळाने त्या वाटीत थेंब टाकता तर निळं काही होतच नाही. "बघ की, तुझ्या तोंडात बी कारखाना हाय," असं म्हणून तुम्ही हसता, तेवढ्यात आई आत येते. "स्वयंपाकघरात थुंकायला शिकवताय होय पोरीला?" त्या वाट्या तिने चार वेळा घासल्या.

नववीत मी तोच प्रयोग शाळेसाठी केला. एका वाटीत पेज आणि लाळ, दुसरीत पेज आणि नुसतं पाणी, म्हणजे बदल लाळेमुळेच झाला हे कळावं. पाण्याची वाटी मी केलीच नाही. तिचं काय होणार हे माहीत होतं, म्हणून वहीत सरळ लिहून टाकलं. तुम्ही पहिल्या पाळीवरून आलात, वही चाळलीत आणि विचारलंत, "दुसरी वाटी कधी केलीस?"

"तिचं काय होणार ते माहीतच आहे ना, अण्णा."

"माहीत हाय म्हणून लिवलंस? मग पहिली तरी कशाला केलीस?" तुम्ही ओरडला नाहीत. पान फाडून माझ्या हातात दिलंत. "न केलेलं केलं म्हणून लिवायचं न्हाई." मी रडत रडत पुन्हा पेज केली. तो प्रसंग मी पुढे विसरूनही गेले, खरं सांगते.

आता गेल्या दोन वर्षांचं सांगते. मेंदूच्या पेशी एकमेकींना चिकटून राहाव्यात म्हणून त्यांच्या अंगावर एक प्रथिन असतं. दोन एन्झाइमं त्या प्रथिनावर एकाच जातीची साखर एकापुढे एक जोडत लांबलचक साखळी तयार करतात. ती साखळी पाणी धरून फुगते आणि पेशींना घट्ट चिकटू देत नाही. वाढत्या मेंदूत पेशींना सरकायला वाट मिळते ती त्यामुळे. मोठेपणी ही साखळी मेंदूत मोजक्याच ठिकाणी उरते, जिथे नवं शिकणं चालू असतं तिथे. गंमत अशी, की एन्झाइम आधी प्रथिनाचा एक भाग धरतं आणि साखळी लावतं शेजारच्या भागावर. ते कशाने धरतं, हा माझा प्रश्न. एन्झाइम स्वतःही अमिनो आम्लांच्या कड्यांचं बनलेलं असतं. त्यातली एक कडी मी बदलली आणि नमुन्यांच्या फोटो-फिल्मवर जिथे साखळीचा गडद पट्टा यायचा तिथे काहीच आलं नाही. पकड सापडली! लॅबमध्ये पेढे वाटले. आम्ही शोधनिबंध एका नियतकालिकाकडे पाठवला.

तिथल्या तपासणाऱ्याने एकच विचारलं. बदललेल्या एन्झाइमचे नमुने ज्या द्रावणात ठेवले, त्याच द्रावणात चांगल्या, म्हणजे एन्झाइम न बदललेल्या पेशी ठेवून पाहिल्यात का? नव्हत्या पाहिल्या. काय होणार ते मला माहीत होतं ना. तोंड वाकडं करत मी तो प्रयोग केला आणि चांगल्या पेशींवरची साखळीसुद्धा गायब झाली. पट्टा साखळीचाच आहे याच्या खातरजमेसाठी आम्ही साखळी तोडणारं एक एन्झाइम वापरतो. माझ्याच हातून त्याचा अंश त्या द्रावणाच्या बाटलीत गेला होता. पट्टा गेला तो कडीमुळे नव्हे. साखळी बाटलीने तोडली होती.

फिल्म हातात धरून मी स्टुलावर बसले. नवं द्रावण करायचं, त्यात चांगल्या पेशी ठेवायच्या, गडद पट्ट्याची ती फिल्म पाठवायची, कुणाला कळणार? आणि तेव्हा अण्णा, इतक्या वर्षांनी, ते फाडलेलं पान आठवलं. उठले आणि आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, पेपर मागे घ्यायला लागेल."

त्यांनी फिल्म उजेडात धरली. "शुअर आहेस? प्रोजेक्टचं एक्स्टेन्शन याच्यावर आहे."

"चूक माझी आहे. सगळं पहिल्यापासून करते."

"आणि काहीच नाही निघालं तर?"

"तर तसं लिहू."

त्यांनी फिल्म मला परत दिली. म्हणाल्या, "चल, मेल तू लिही. सही मी करते."

एक्स्टेन्शन मिळालं नाही. निम्म्या पगारावर आठ महिने मी सगळं पुन्हा केलं, प्रत्येक नमुन्याला जोडीचा नमुना लावून. कडी बदलली तरी साखळी तयार होते, फक्त आखूड होते. पकड सुटत नाही, सैल पडते. शोध लहान झाला, पण खरा आहे. गेल्या महिन्यात तो छापून आला. आता दुसरी कडी बदलायला घेतली आहे आणि ही पकड पूर्ण उलगडल्याशिवाय मी हे काम सोडणार नाही.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी लिहिलंय, 'माझ्या वडिलांना, जे केमिस्ट होते.' ऑपरेटर लिहायची मला लाज वाटली होती.