उपरण्याखालचा हात

आबा,

शनिवारी चाकणच्या बाजारात गेले होते. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. कंपनीची बस रोज सकाळी मला त्याच चाकणला घेऊन जाते, पण शनिवारी बाजारापाशी ट्रॅफिक तुंबलं की मी खिडकीचा पडदा ओढून घेते. बोकडांचा वास पडद्याला जुमानत नाही, ते सोडा. या वेळी तात्यांमुळे जावं लागलं. माझे हे चुलत सासरे तुमच्या बाजारातले जुने दोस्त, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून तुमच्याबरोबर शेळ्या पारखणारे. आता ऐंशीच्या पुढे गेलेत. पुनावळ्यात आमच्या घराच्या चारी बाजूंना टॉवर उभे राहिलेत, तरी मागच्या मोकळ्या तुकड्यावर त्यांची एक तरी शेळी असतेच. शेवटची मेली तेव्हापासून जेवणावरची वासना उडाली होती त्यांची. ह्यांची शिफ्ट होती, म्हणून रजा टाकून मीच त्यांना घेऊन गेले.

तिथे जे झालं ते तुम्हाला सांगायचं आहे, पण आधी थोडं भांडायचं आहे. भांडण जुनंच आहे, चोवीस वर्षांचं. तुम्ही जिवंत असताना मी ते नीट कधी भांडले नाही, नुसता अबोला धरला. तुम्हालाही तो सोयीचाच पडला असणार, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

संशय घ्यायला तुम्हीच शिकवलंत मला. आठवडाभर थेरगावात गावरान कोंबड्या विकायच्या आणि शनिवारी टेम्पोत बसून चाकणला दलाली करायची, हा तुमचा धंदा, आणि त्यात विश्वास म्हणजे तोटा. मी अकरा-बारा वर्षांची असेन. तुम्ही मला म्हणालात, आज घरची कोंबडी तू निवड. मी बाजारातली सगळ्यांत जड कोंबडी निवडली. विकणारी बाई गोड होती, माझ्या रिबिनींचं कौतुक करत होती. घरी आईने कोंबडी कापली तर गळ्याखालच्या पिशवीतून ओला कोंडा आणि खडे निघाले, ओंजळभर. वजन वाढावं म्हणून पहाटेच कोंबलेले. तुम्ही चुलीपाशी उकिडवे बसला होता. म्हणालात, "डोळं बाजारात इकून आलीस का?" आणि मग मी रडायला लागल्यावर, जरा मऊ होऊन, "समोरचं माणूस गोड बोलाय लागलं की आधी कोंबडीचा गळा चाचपायचा. कळलं का?" कळलं, आबा. इतकं कळलं की आज कंपनीत क्वालिटीला मी आहे म्हटल्यावर सप्लायरची माणसं चहाचं विचारायचंसुद्धा धाडस करत नाहीत. हे म्हणतात, हिला भाजीवाल्याचा काटा खोटा वाटतो आणि देवळातला प्रसाद शिळा वाटतो. खोटं नाही त्यात काही.

मिठाचं पाणी पाजून फुगवलेलं बोकडाचं पोट, दोन दिवस न पिळता तुंबवून ठेवलेली शेळीची कास, तेल लावून चमकवलेली शिंगं, सगळं तुम्ही दाखवलंत. उपरण्याखालचा व्यवहार मात्र लांबूनच दाखवलात. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, हातावर उपरणं टाकतात आणि आत एकमेकांची बोटं धरतात. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. शेकड्यांत की हजारांत, ते जनावर पाहून दोघांनाही कळतं. पटलं नाही तर हात झटकायचा, पुन्हा धरायचा. भोवती पन्नास माणसं उभी असतात आणि कुणालाच काही कळत नाही. आतला आकडा तिसऱ्याला सांगायचा नाही, सौदा मोडला तरी नाही. तुम्ही तो आईलाही सांगायचा नाहीत. मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटायचा.

मग ती बैठक. मी एकोणीस वर्षांची आहे. डिप्लोमाचं पहिलं वर्ष झालं आहे, दोन राहिलीत. मुलगा चांगला, घर ओळखीचं, पण त्यांच्या म्हातारीला नातसून लगेच हवी. मी आईबरोबर आतल्या खोलीत कपबश्या मांडते आहे आणि दाराच्या फटीतून बाहेर बघते आहे. म्हातारी, सासूबाई, गावचे चारजण सतरंजीवर बसलेत. बोलणं अडलंय. आणि तुम्ही उठून तात्यांच्या शेजारी जाऊन बसता, खांद्यावरचं उपरणं काढता आणि दोघांच्या हातांवर टाकता. एकजण हसतो, म्हणतो, "अहो, हितं काय शेळी बांधलीय का?" तुम्ही हसत नाही. उपरणं हलतं. थांबतं. पुन्हा हलतं. मग तुम्ही हात बाहेर काढता आणि मोठ्याने म्हणता, "तुमी म्हणाल ती तारीख. तुमी म्हणाल तसं."

दाव्याच्या दोरीसाठी तासभर घासाघीस करणारा माझा बाप, "तुमी म्हणाल तसं"! मला तिथेच खात्री पटली की आत काहीतरी मोजलं गेलंय. हुंडा देणार नाही म्हणून तुम्ही चारचौघांत छाती ठोकून सांगितलं होतं, तेव्हा आतून दिलात की काय? की उलट त्यांच्याकडूनच काही घेतलंत? दोन्हीत माझी किंमत झालीच होती. माणसं गेल्यावर मी तुम्हाला विचारलं, "किती बोटं धरली, आबा?" तुम्ही टोपी घालत होता. "उपरण्याखालचं इचारायचं नसतं," म्हणालात आणि कोंबड्यांना पाणी ठेवायला निघून गेलात. मी मागून ओरडले, "मी शेळी आहे का?" तुम्ही वळला नाहीत.

सासरी माझं कॉलेज चालू राहिलं. कुणी अडवलं नाही. हीच तर खरी संशयाची जागा होती. म्हातारी माझ्याकडे बघून ओठ मुडपायची, पण बोलायची नाही. सासूबाई सकाळी डबा भरून द्यायच्या, तोंड वाकडं करून, पण द्यायच्या. पुनावळ्यात तेव्हा कुठली सून डबा घेऊन कॉलेजला जात होती? मी स्वतःशी म्हणायची, चांगलीच रक्कम पोचलेली दिसते. तुम्ही परीक्षेच्या आधी हटकून यायचात. एकदा इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंगला लागणारा ड्राफ्टर घेऊन आलात, त्याच पिशवीत पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. ड्राफ्टरला कोंबडीची शीट लागली होती, ती तुम्ही धोतराच्या सोग्याने पुसलीत. माझ्याशी जेमतेम बोललात आणि तात्यांना बाजूला घेऊन विचारलंत, "चाललंय ना बराबर?" मी ऐकलं. मला वाटलं, विकलेलं जनावर नव्या गोठ्यात रुळलं की नाही, ते बघायला आलाय माणूस. ड्राफ्टर मी वापरला. धन्यवाद म्हणाले नाही.

आता शनिवारचं. बाजार तुम्हाला ओळखू येणार नाही. विकणारे गाडीतच बसून जनावराचा व्हिडिओ पाठवतात. एका बोकडाच्या शिंगाला पैसे भरायचा स्कॅनर लटकवला होता. कोंबड्यांच्या डालग्यांपाशी मात्र तोच कालवा. तात्यांना मावळातल्या एका म्हाताऱ्याची काळी शेळी आवडली, दुसऱ्या वेताची. मी ओठ उघडून दात पाहिले. चार दात ठीक होते. कास पाहिली, टच्च भरलेली. म्हटलं, "कधी पिळली होती, बाबा?" म्हातारा म्हणाला, "सकाळच्याला." मी म्हटलं, "कालच्या का परवाच्या?" तात्या खूश झाले. "आबाची पोर हाय," म्हणाले. मग त्या म्हाताऱ्याने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि हात पुढे केला. जुन्या रीतीतला माणूस होता. तात्यांचे हात आता कापतात, बोटं नीट धरता येत नाहीत. मला म्हणाले, "तू धर."

"मी नाही उपरण्याखाली हात घालणार."

"का गं? तुला समदं येतंय की."

"एकदा विकली गेलेय मी त्याच्याखालनं. पुरे झालं."

माझा आवाज चढला होता. म्हाताऱ्याने टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला आणि शेळीला उगाच चारा दाखवायला लागला. तात्या माझ्याकडे बघतच राहिले. मग मला तिथून हलवून लिंबाच्या सावलीला एका उलट्या डालग्यावर बसले.

"कुनी इकली तुला?"

"तुम्हाला माहीत. तुमचा हात होता आत."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "सांगायचं नसतं ते. पर त्यो बी गेला आन् मी बी चाललोच. दोन बोटं हुती."

"दोन काय? लाख?"

"वर्सं."

मला कळेना. तात्या समोर बघत बोलत राहिले. "त्यानं हळूच कानात सांगितलं, पोरीची साळा ऱ्हायलीय, तेवढी होऊ दे. मी एक बोट धरलं. त्यानं हात झटकला. म्या पुन्यांदा एकच धरलं. पुन्यांदा झटकला. मग दोन धरली, तवा सोडला. आमची म्हातारी, तुझी सासू, दोघींला गप ठेवायचं काम माझ्यावर. बदल्यात बाकीचं समदं आमच्या म्हन्न्यापरमानं."

"मग उघड का नाही बोलले? मला का नाही सांगितलं?"

"उघड बोलला असता तर म्हातारी चार मान्सांत न्हाई म्हनली असती. आन् चार मान्सांत न्हाई म्हनल्यालं कुनाला फिरवता येतंय? आन् तुला सांगितलं असतं तर तू गप बसली असतीस व्हय? पैल्या भांडनात म्हातारीच्या तोंडावर मारलं असतंस."

मारलं असतं. नक्कीच मारलं असतं.

पण आबा, मी तुमचीच मुलगी. समोरचा गोड बोलायला लागला की आधी गळा चाचपायचा. शेळी टेम्पोत चढवली (म्हाताऱ्याशी मी उघड्यावरच भाव केला, तो नाराज झाला), घरी येईपर्यंत मी तात्यांचं सांगणं उलटून पालटून बघत होते. ऐंशी वर्षांचा व्यापारी माणूस. सुनेचं मन राखायला रचून सांगायला त्यांना काय लागतं? दोस्ताची अब्रू झाकत असतील. मग एक आठवलं. माझा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला त्या संध्याकाळी सासूबाईंनी पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारलं होतं, "झालं ना आता समदं?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी नोकरी शोधायला निघाले तर डबा भरलेला नव्हता. मुदत संपली होती. मी तेव्हा त्याला त्यांचा लहरीपणा म्हटलं होतं. हे जुळत होतं. तरी मी मनात म्हटलं, जुळवलेलंही असू शकतं. क्वालिटीत एका मापावर पार्ट पास करत नाहीत.

दुसरं माप माझ्याचकडे होतं. ते तात्यांना ठाऊक नाही, आईला ठाऊक नाही, कुणालाच नाही. तुमच्या शेवटच्या दिवसांत, दवाखान्यात दुपारच्या भेटायच्या वेळेला मी तुमच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसले होते. अर्धांगाच्या झटक्याने तुमची वाचा गेली होती. पांढऱ्या चादरीखालून तुमचा डावा हात सरकत आला आणि माझा हात शोधून तुम्ही त्याची दोन बोटं धरलीत. दोनच, नेमकी. दाबलीत. थांबलात. मी बघितलं नाही तुमच्याकडे, तेव्हा पुन्हा दाबलीत. ती भाषा मला येत होती. मला वाटलं, मरतानाही ह्या माणसाचा व्यवहार सुटत नाही, मला अजून मोजतोय. आज कळतंय की सगळ्या आयुष्यात एकदाच तुम्ही तिसऱ्या माणसाला आतला आकडा सांगत होता, आणि सौदा पूर्ण झाला म्हणून सांगत होता. मला तुमची फार आठवण येते, आबा. हे लिहायला मला अकरा वर्षं आणि एक शेळी लागली.

शेळी बरी आहे. कास तुंबवलेलीच निघाली, पण दूध आहे. हे कागद मी इन्स्पेक्शन रिपोर्टांच्या पाठीवर लिहिलेत. ते कुठे पाठवायचे नाहीत, ड्राफ्टरच्या पिशवीत ठेवून देईन. फक्त एक सांगते. त्या दुपारी बाहेर आल्यावर मी आईला, तात्यांना, सगळ्यांना सांगितलं की आबांनी माझा हात धरला होता आणि मग त्यांचाच हात सैल पडला, आपोआप सुटला. सुटला नव्हता. मी झटकला होता.