सात भाचे

५ जानेवारी २०२५, रविवार. चाकण

फॉर्म परत आला! आकांक्षाताईंनी फोटो पाठवला. वर लाल पेनानं लिहिलंय — नातेवाईक आहे, अपात्र.

कोण नातेवाईक? फोटो मोठा करून पाहिला. रकाना नऊ, जवळची व्यक्ती. अक्षर माझंच. "बापूराव, मामा, सिंदी रेल्वे." पुढं फोन नंबर.

झालं! अहो, तो होमचा चौकीदार. सेलू रोडवरच्या होममध्ये, म्हणजे बालगृहात, मी तीन-साडेतीन वर्षांचा होतो तेव्हापासून राहिलो. तिथं चौकीदार म्हणजे मामा, स्वयंपाकवाली म्हणजे मावशी, बाकी सगळे सर. पोरं बदलतात, हे बदलत नाही. ज्यानं सुरू केलं त्याला काय माहीत की पुढं या पोरांना फॉर्म भरायचे आहेत.

अठरा झालं की होममधून बाहेर. आकांक्षाताईंची संस्था वर्ध्याला एक घर चालवते, अठरा ते एकवीसच्या पोरांसाठी, ज्यांच्या मागं कोणी नाही. खाट, दोन टाइम जेवण, एक कोर्स. मी एसी-फ्रिज दुरुस्ती लिहिलं. बॅच एक मार्चला. पण त्याला अनाथ असल्याचा दाखला लागतो. दाखल्याला कोणी नसावं लागतं. आणि मी आपल्या हातानं मामा लिहून बसलो.

६ जानेवारी

कंपनीत लाइनवर दोन पीस उलटे लावले. सुपरवायझर ओरडला — "ओ विदर्भ, लक्ष कुठंय?" इथं माझं नाव विदर्भ आहे. रुपेश कोणाला माहीत नाही.

८ जानेवारी

ताईंना फोन.

"अरे, मामा कशाला लिहिलंस?"

"मामा म्हणतो म्हणून."

"नुसतं बापूराव लिहायचं. चौकीदार लिहायचं."

"ताई, तिथं नंबर मागितला होता. मला दुसऱ्या कोणाचा नंबर पाठ नाही."

 ताई म्हणाल्या, बघते.

१२ जानेवारी, रविवार

सुट्टी. कपडे धुतले. खोलीत आम्ही पाच जण, त्यातला आदेश माझ्याच होमचा. तो म्हणतो तुझ्या पायाला भिंगरी आहे. असेल. हिंगणघाटची कापसाची जिनिंग, बुटीबोरी, सुरत, मधे आणखी कुठं कुठं, आता चाकण. चार महिन्यांच्या वर कुठं थांबलो नाही. कोणी हाकलत नाही, मलाच एक दिवस सकाळी बॅग भरावीशी वाटते. आणि भरतो. कोणी नको म्हणायला नसतं, त्यामुळं लवकर होतं.

पण फ्रिज उघडून बसलो होतो सुरतला, मालकाच्या दुकानात, तेव्हा दुपार कशी गेली कळलं नाही. ती एकच दुपार. म्हणून फॉर्म भरला.

एक जूनला मला एकवीस. होममधल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जून, ज्यांची तारीख सापडली नाही त्यांचा. एकच केक, पंधरा जण कापायला. एकवीसनंतर त्या घरात घेत नाहीत. म्हणजे मार्चची बॅच शेवटची. एवढंच.

१४ जानेवारी

आदेशचाही फॉर्म परत आला! त्यानं पण मामाच लिहिलं होतं. बापूराव, सिंदी रेल्वे. आम्ही दोघं हसत सुटलो. खोलीतला बिहारी विचारत होता क्या हुआ. काय सांगणार — हम दोनों का मामा एक है.

१७ जानेवारी

दोन नाही. सात! यावेळी आमच्या होमच्या सात जणांचे फॉर्म गेले, सातही जणांनी तेच लिहिलं. दाखल्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी सगळ्या फायली टेबलावर मांडल्या म्हणे, आणि ताईंना विचारलं — "या माणसाले बहिणी तरी किती हायेत, मॅडम?"

ताईंनी समजावलं की ही होमची बोलायची पद्धत आहे. साहेब ऐकणारा निघाला. म्हणाला ठीक. पण कागदावर आलंय ते कागदानंच जाईल. त्या माणसानं सात वेगळे कागद द्यायचे — सदर मुलगा माझा नातेवाईक नाही, नात्याने आमचा काहीही संबंध नाही. सही साहेबासमोर. पोरंही हजर पाहिजेत. २१ फेब्रुवारी, शुक्रवार.

दाखला तिथंच देतो म्हणाला. मला तर वाटलं नव्हतं एवढं सोपं असेल.

१९ जानेवारी, रविवार

मामांचा फोन आला. रविवारी येतोच. पहिलं वाक्य ठरलेलं — "काऊन रे, जेवला काय?" मी सगळं सांगितलं. हसतील वाटलं होतं. हसले नाहीत.

"म्हंजे मी लिहून देवाव का तू माहा कोणी नाई?"

"सातही जणांचं, मामा. माझं एकट्याचं नाही."

"हं." मग म्हणे, "तं त्या घराचं काऊन पाह्यतं? माह्याघरी राह्यजो ना सिंदीले."

"तुमच्याकडं फ्रिजचा कोर्स आहे काय?"

"फ्रिजच नाई बापा." मग हसले.

आदेश बाजूला बसून ऐकत होता. म्हणतो, "मामा तुले दर हप्त्याले फोन करते? मले तं एकडाव नाई केला." मी म्हणालो, तू महिन्याला सिम बदलतो, कुठं करतील?

२ फेब्रुवारी

मामांना विचारलं, येणार ना २१ ला? "पाहू." मी म्हटलं पाहू नाही, या. म्हणे, "येतो रे. येतो म्हनलं तं येतो."

११ फेब्रुवारी

ठेकेदाराला सुट्टी मागितली. चार दिवस. "गेलास तर गेट पास जमा करून जा." मी जमा केला. त्याला वाटलं मी घाबरेन. आदेश मात्र हातापाया पडून दोन दिवस घेऊन आला. त्याचं बरोबर आहे. माझी बॅग तशीही भरलेलीच असते.

म्हणजे आता इथलं गेलं. तिकडचं २१ ला कळेल.

१८ फेब्रुवारी

गाडीत. तिकीट आजचंच भेटलं. आदेश मागून येतोय. समोरच्या बाईनं विचारलं, वर्ध्याला घर आहे का? हो म्हणालो. नाही म्हटलं की प्रश्न वाढतात.

१९ फेब्रुवारी. सेलू, मग सिंदी

सकाळी उतरून सरळ होमवर गेलो. सुमित्राबाई मावशीनं भात-वरण वाढलं, वर कोरडं बेसन. "वाळला रे पोट्ट्या. तिकडं खायले देत नाईत काय?" पण अठराच्या वरच्याला मुक्काम नाही, नियम आहे. नवे सर चांगले बोलले, नियम तोच.

मामा गेटवर होते. त्यांनी ड्युटी दुसऱ्याला दिली आणि मला बसमध्ये बसवून सिंदीला नेलं. सतरा वर्षं त्या माणसाला ओळखतो, घर आज पाहिलं. दोन खोल्या, मागं एक गाय, दारासमोर तुरीच्या काड्यांचा ढीग. मूलबाळ नाही.

मामी — विमलाबाई — दारातच थांबली. पाणी आणलं ते हातातच राहिलं.

"हा का थो?"

"हो. पानी दे त्याले."

जेवताना ती मला पाहत होती. पाहुणा पाहतात तसं नाही. मला अवघड झालं, मी खाली ताटात पाहून जेवलो. मामा म्हणाले, "भाकर वाढ ना, पाह्यतं काय?" ती आत गेली ती भाकर न घेताच बाहेर आली.

ज्याच्याकडं काम आहे त्याच्याच घरी असं राहायला बरं वाटत नाही. उद्याचा दिवस काढायचा.

२० फेब्रुवारी

ताईंनी कागद टाइप करून पाठवले, मी स्टेशनजवळ प्रिंट काढून आणले. सात. मामांनी माझा काढून माझ्या हातात दिला. "वाच."

वाचला. "मी, बापूराव, राहणार सिंदी रेल्वे, लिहून देतो की सदर मुलगा रुपेश हा माझा नातेवाईक नाही. मामा हा शब्द मुलं केवळ आदराने वापरतात. नात्याने आमचा काहीही संबंध नाही."

"अजून वाच."

तीनदा वाचायला लावलं. मला वाटलं यांना ऐकू कमी येतं आता.

"नाई केली सही तं?"

"तर दाखला नाही. दाखला नाही तर खाट नाही, कोर्स नाही."

"अन् पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी मी एकवीसच्या वर. चाकणचं पण सोडून आलो, मामा. आता मागं जायला काही नाही."

"बाकीच्या पोट्ट्यायचं?"

"त्यांचंही तसंच. तुमच्या सहीवर सात जण लटकले आहेत."

मी हसत म्हणालो. ते उठले आणि गायीकडं गेले. वैरण टाकलेलीच होती, पुन्हा टाकली. आतून विमलाबाई हळू आवाजात म्हणाली, "आता तरी सांगा न त्याले." मामा खेकसले, "तू चूप राह्य वं!"

काय सांगायचं ते मी विचारलं नाही. काही खर्चाबिर्चाचं असेल, किंवा नोकरीची भीती. सरकारी कागदाला म्हातारी माणसं घाबरतात. मी म्हटलं, मामा, साहेब चांगला आहे, काही होत नाही. नुसती सही आहे.

"हो," म्हणे. "नुसती सही हाये."

२१ फेब्रुवारी. वर्धा

सातही जण हजर. मामांनी सहा कागदांवर सही केली, आदेशच्या कागदावर तर नीट वळण काढून. सातवा माझा. तो त्यांनी उचलला, घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवला. साहेब म्हणाले, तेवढा एक राहिला, बापूराव.

"थो खोटा होईन, साहेब. मले एकच बहीण होती, हा तिचा पोरगा."