सोनेरी काठाचे कप

बाई, काल तुमची मुलगी आमच्याकडे आली होती, तिच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला. बँकेत भेटते तेव्हा चार शब्द होतात, पण घरी पहिल्यांदाच आली. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, तरी ती उठली आणि शोकेसमधून सोनेरी काठाचे कप काढायला लागली.

तुम्हाला ते कप आठवले असते का? मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, तुमच्या इंग्रजीच्या वर्गात होतो, काविळीने घरी पडलो होतो, सहामाही तोंडावर आलेली. तुम्ही एसटीतून उतरून सड्याच्या उघड्या कातळावरच्या उन्हात आमच्या बौद्धवाडीपर्यंत चालत आलात, हातात ती अमेरिकन कादंबरी, तुमची स्वतःची प्रत, मला वाचायला. कॉलेजातलं कुणी त्याआधी आमच्या घरी आलं नव्हतं. मी खाटेवरून बघतोय. मामाने मुंबईहून आणलेले, कधीच न वापरलेले कप आई पदराने पुसतेय, आणि तुम्ही म्हणता, "अहो, ते कशाला काढताय? रोजच्या कपात द्या." रोजचे कप आमच्याकडे नव्हतेच. आईने ते परत ठेवले आणि स्टीलच्या पेल्यात चहा दिला. तुम्ही तो संपवलात, हेही मी विसरलेलो नाही. तुम्ही गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "उसने आणलेत असं वाटलं असंल त्यांना."

बरा होऊन मी वर्गात आलो, तेव्हा तुम्ही त्याच कादंबरीवर बोलत होतात. नव्याने श्रीमंत झालेला तो माणूस, त्याचं पाण्याकाठचं घर, गाडी, कपडे. मोठमोठ्या मेजवान्या देतो आणि स्वतः बाजूला उभा राहतो. "ह्या वस्तू काय सांगतात?" तुम्ही विचारलंत. आणि तुम्हीच म्हणालात, "जुन्या श्रीमंतांना काही दाखवावं लागत नाही. दाखवावं लागतं ते नव्याने वर आलेल्यांना." सगळ्यांनी लिहून घेतलं. माझं पेन थांबलं. तुमच्या डोळ्यांसमोर आमची शोकेस होती का, बाई? आम्ही तर श्रीमंतही नव्हतो. तुमच्याकडे हापूसची बाग होती, आणि त्या बागेतल्या घरात तुम्ही मला आपल्या शेजारी बसवून जेवायला वाढलेलं आहे. असं माणूस टोमणा मारणार नाही, हे मला कळतं. तरी ते वाक्य मनातून गेलं नाही. सहामाहीत तोच प्रश्न आला. मी तुमचंच वाक्य लिहिलं आणि तुम्ही शेजारी लाल शाईने "छान" लिहिलंत.

काल तुमची मुलगीही कप बघून म्हणाली, "अहो आजी, साधे कप चालतील की!" आवाज थेट तुमचा. आई थांबली नाही. "आमाला चालतात ते. तुमी ह्यातच घ्या. तुमची आई ह्यातनं न घेता गेलेली." मुलगी जरा गोंधळली, मग हसली. "आमची आई? ती घरीसुद्धा चांगले कप काढू द्यायची नाही. फुटतील म्हणून नुसती ओरडायची." आई म्हणाली, "असंल." तिने कप भरला, बशी पुढे सरकवली आणि शेवटचा घोट होईपर्यंत समोर बसून राहिली.

मुलगी म्हणाली ते खरं असेल. कप फुटू नयेत म्हणून तुम्ही बोललात आणि आम्ही ते एवढी वर्षं मनाला लावून घेतलं. किंवा ती नुसती माझ्या आईचं मन राखायला बोलली असेल. विचारायला आता तुम्ही नाहीत. ती गेल्यावर मी आईला म्हटलं, "ऐकलंस ना?" "ऐकलं," ती म्हणाली. "मग तेवा त्यांना सांगायला काय झालेलं?"

हे पत्र कुठे पाठवायचं, मला माहीत नाही. कप मीच धुतले, पुसून शोकेसमध्ये लावले. मग माझा गार झालेला चहा स्टीलच्या पेल्यातून प्यायलो. त्या कपातून मी अजून एकदाही प्यायलेलो नाही, बाई.